येळवशीची आंबील आणि कलम ६५

लातूर-धाराशिवकडं आणि नांदेडच्या बऱ्याच गावांत येळवस हा दिवाळीच्या तोडीचा सण आहे. बाहेरच्यांसाठी सांगतो, येळवस म्हणजे वेळा अमावस्या, मार्गशीर्षातली. त्या दिवशी गाव ओस पडतं, कारण सगळे शेतात असतात. लातूरला जिल्हाधिकारी या दिवसाची स्थानिक सुट्टी देतात. कडब्याची कोप, तिच्यात चुन्यानं रंगवलेले पाच दगडांचे पांडव, भज्जी, उंडे आणि मडक्यातली आंबील. ज्वारीचं पीठ, ताक, मीठ, लसूण. आंबील नीट आंबली पाहिजे, नाहीतर पाव्हणे नावं ठेवतात.

आता याच ज्वारीला मोड आणा. मोड वाळवा, कोंब चोळून काढून टाका, भरडा, पाण्यात शिजवा, कपड्यातून काढा, गार झाल्यावर यीस्ट घाला. दोन-तीन आठवड्यांनी बाटल्यांत भरा. आंबील आंबवतात ते लॅक्टोबॅसिलस जातीचे जिवाणू. इथं राबते ती सॅकरोमायसिस नावाची यीस्ट, पाव फुगवणारीच. पहिल्याचा आपण नैवेद्य दाखवतो, दुसरीचा पंचनामा होतो. कारण घरी बिअर करणं हा महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ खाली गुन्हा आहे. किती केली, कुणासाठी केली, विकली की नाही, यानं गुन्हा टळत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे: स्वतःच्या घरात, स्वतःच्या पिण्यापुरतं, न विकता आणि भट्टीवर न गाळता आंबवलेलं पेय गुन्ह्याच्या यादीतून बाहेर काढा.

दारू चांगली असते असं मी म्हणत नाहीये. दारूचं कुठलंच प्रमाण पूर्ण सुरक्षित नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ साली स्पष्ट सांगितलंय आणि त्यावर मला वाद घालायचा नाही. माझा वाद कायद्याशी आहे. आणि हो, मी नांदेडला इंजिनिअरिंग केलं, आता पुण्यात कोड लिहितो, घरी बिअर करतो की नाही हे इथं लिहिणार नाही. का, ते कळलंच असेल.

बाटलीच्या आत काय चालतं

आधी थोडं सायन्स, कारण पुढचा सगळा युक्तिवाद त्यावर उभा आहे.

यीस्ट साखर खाते, अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड सोडते. मोठ्या भांड्यात हे होतं तेव्हा गॅस हवेत जातो आणि बिअर सपक राहते. कारखाने त्यात दाबानं गॅस भरतात. घरी करणारे वेगळं करतात. आंबणं पूर्ण झालं की बाटलीत भरताना थोडी साखर घालतात आणि बूच घट्ट बसवतात. तळाशी उरलेली यीस्ट ती साखर खाते, गॅसला जायला वाट नसते, तो बिअरमध्येच विरघळतो. याला बॉटल कंडिशनिंग म्हणतात. फेस बाटलीतच तयार होतो. शॅम्पेनचंही मूळ तत्त्व हेच. बेल्जियममधले ट्रॅपिस्ट मठ आजही असंच करतात. त्यांची शिमे ब्ल्यू ९ टक्क्यांची आहे आणि बाटलीत वर्षानुवर्षं मुरत ठेवणारे लोक आहेत.

गणित सोपं आहे. लिटरला साधारण ४ ग्रॅम साखर घातली की बिअरच्या आकारमानाएवढा गॅस तयार होतो. थोडा गॅस आधीपासून विरघळलेला असतो, म्हणून नेहमीच्या फेसासाठी लिटरला ६ ग्रॅमच्या आसपास साखर पुरते. पाच लिटरला ३० ग्रॅम, म्हणजे चहाचे सहा-सात चमचे. त्यानं अल्कोहोल अर्धा टक्कासुद्धा वाढत नाही.

बिअर स्ट्राँग असली की गोष्ट अवघड होते. १० टक्क्यांच्या अल्कोहोलमध्ये यीस्ट दमलेली असते, काही मेलेली असते. आपणच तयार केलेल्या अल्कोहोलमध्ये तिला जगणं कठीण जातं. मग बाटलीत भरताना ताजी यीस्ट घालावी लागते आणि फेस यायला आठवड्यांऐवजी महिने लागतात. चव बसायला आणखी वेळ. त्यात घाई केली, भांड्यातलं आंबणं पुरं व्हायच्या आत बाटल्या भरल्या, तर उरलेली साखर बाटलीत आंबते आणि बाटली फुटते. म्हणून करणारे लोक हायड्रोमीटरवर सलग दोन-तीन दिवस तोच आकडा आल्याशिवाय बूच लावत नाहीत.

आता यात आपलं हवामान घाला. २० अंशांना बाटलीत जो दाब असतो, तो ४० अंशांना जवळपास दुप्पट होतो, कारण गरम द्रवात गॅस टिकत नाही. नांदेडला मे महिन्यात पारा ४२ च्या वर जातो. पत्र्याखालच्या खोलीत ठेवलेली बाटली म्हणजे शब्दशः बॉम्ब. आणि नेहमीची एल यीस्ट ३५ अंशांना राबवली तर जड अल्कोहोलं तयार होतात, ज्यांची चव रंगाच्या थिनरसारखी लागते.

म्हणजे हा उद्योग झिंगायची घाई असलेल्या माणसाचा नाही. ज्याला आज रात्री चढवायचीय तो स्टँडसमोरच्या दुकानात जातो. तिथली ८ टक्क्यांची ६५० मिलीची स्ट्राँग बाटली म्हणजे ५२ मिली शुद्ध अल्कोहोल, व्हिस्कीच्या दोन लार्ज पेगएवढं. ती दोन मिनिटांत मिळते, वर पावतीही मागता येते. सहा महिने कपाटात बाटली मुरवणारा माणूस गुन्हेगार आणि दोन मिनिटांत मिळणारी बाटली राज्याचा महसूल, ही आजची स्थिती आहे.

कायदा काय म्हणतो

१९४९ चा कायदा मुंबई प्रांतात पूर्ण दारूबंदी आणायला केला होता. मराठवाडा तेव्हा त्या प्रांतात नव्हताच. आपण १९५६ ला मुंबई राज्यात आलो आणि मग हा कायदा आपल्याला लागू झाला. पुढं राज्यानं दारूबंदी हळूहळू सोडून दिली, कायदा मात्र ठेवला. बंदी हा नियम राहिला, आणि परवाना हा त्याला अपवाद. परमिट रूम हा शब्द त्यातूनच आला. कागदोपत्री तुम्ही आजही परवान्याशिवाय पिऊ शकत नाही. बारमध्ये बसलेल्या किती जणांच्या खिशात तो असतो, ते तुम्हीच सांगा.

या कायद्याचं कलम १२ मद्यनिर्मितीला मनाई करतं आणि कलम ६५ तिला शिक्षा सांगतं, तुरुंगवासासकट. ‘निर्मिती’ची व्याख्या इतकी ऐसपैस आहे की आंबवण्याची नैसर्गिक आणि कृत्रिम, दोन्ही प्रक्रिया तिच्यात येतात. म्हणजे तुम्ही झोपलेले असताना बाटलीतली यीस्ट जे करते तीसुद्धा निर्मितीच. त्या हेतूनं भांडी आणि सामान बाळगणं हाही गुन्हा.

या व्याख्येला काय दिसत नाही ते बघा. आंबवणं आणि गाळणं यातला फरक तिला दिसत नाही. पाच लिटर आणि पाच हजार लिटर यातला दिसत नाही. स्वतः पिणं आणि विकणं यातला दिसत नाही. ज्या गोष्टींनी धोका ठरतो त्या सगळ्या बाजूला ठेवल्या की छापा कुठं घालायचा हे ठरवायला एकच निकष उरतो: माणूस कोण आहे.

रसायन आणि वर्ट

मराठवाड्यातल्या कुठल्याही पेपरचं जिल्ह्याचं पान उघडा. ‘हातभट्टीवर छापा, इतके लिटर रसायन नष्ट’ ही बातमी ठरलेली. रसायन म्हणजे काय? गूळ, पाणी, कधी मोहफुलं, कधी नवसागर, आणि त्यात वाढणारी यीस्ट. गाळण्याआधीचं आंबवण. पुण्याच्या फ्लॅटमध्ये माल्टचा पाक भांड्यात असतो तेव्हा त्याला वर्ट म्हणतात. दोन्हीकडं साखरेचं पाणी आणि यीस्ट. नवसागराचा आणि स्वच्छतेचा फरक आहे, तो मी नाकारत नाही. पण पंचनाम्यातला शब्द आणि इन्स्टाग्रामवरचा शब्द यात जेवढं अंतर आहे, तेवढं त्या दोन भांड्यांत नाही.

छापा पडतो तो तांड्यावर, पारधी वस्तीवर, गावाबाहेरच्या पत्र्याच्या खोलीवर. ब्रिटिशांनी १८७१ च्या कायद्यानं काही जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ साली गेला. पण १९८१ साली महाराष्ट्रानं एक स्थानबद्धतेचा कायदा केला, आपण त्याला एमपीडीए म्हणतो. त्याच्या मराठी नावातच ‘झोपडपट्टीदादा’ आणि ‘हातभट्टीवाले’ हे शब्द आहेत. त्याखाली खटला न चालवता वर्षभरापर्यंत आत ठेवता येतं. कायद्याच्या शीर्षकात धंद्याचं नाव घेतलंय आणि राहण्याची जागाही. टॉवरदादा असा शब्द त्या शीर्षकात नाही.

दुसरीकडं माझ्या ओळखीतले लोक. हायड्रोमीटर, यीस्टची पाकिटं, बूच लावायचं यंत्र, सगळं ऑनलाइन मागवतात. सोसायटीच्या वॉचमनकडं खोका येतो, तो सलाम करून वर पाठवतो. बाटल्यांवर डिझाइन केलेली लेबलं असतात, वाढदिवसाला भेट दिल्या जातात. यांना कायद्याबद्दल विचारलं तर उत्तर एकच: ‘अरे, कोण पकडतंय?’

मला राग या उत्तराचा आहे. कोण पकडतंय हे विचारायची सोय ज्याला आहे, तो कायदा बदला म्हणून कधीच बोलत नाही. त्याच्यासाठी तो कायदा नसल्यासारखाच आहे. आणि ज्याच्यासाठी तो आहे, त्याचं म्हणणं ऐकायला पेपरचा वार्ताहरही जात नाही, पोलिसांची प्रेस नोट छापतो. क्राफ्ट बिअरवर तासभर बोलणारा माणूस यावर गप्प बसतो, तेव्हा तो तटस्थ राहत नाही. पकडलं न जाण्याचा आपला हक्क तो गुपचूप वापरत असतो.

एक गोष्ट इथंच कबूल करून टाकतो, नाहीतर कुणीतरी ती हत्यार म्हणून वापरेल. माझ्या मागणीनं हातभट्टी कायदेशीर होत नाही. गाळून विकण्याचा धंदा गुन्हाच राहील. पण आंबवणं आणि गाळणं, पिणं आणि विकणं या रेषा एकदा कायद्यात लिहिल्या, की छाप्याला निदान सांगावं लागेल की काय सापडलं. आज मडकं सापडलं एवढं पुरतं.

सरकार स्वतः काय करतं

आपल्याकडं दारूचं राजकारण जुनं आहे. निजामाच्या तिजोरीत अबकारीचा वाटा मोठा होता, आणि त्यातला बराचसा शिंदी-ताडीच्या झाडांतून यायचा. म्हणूनच १९४७-४८ च्या हैदराबाद मुक्तिसंग्रामात स्टेट काँग्रेसच्या सत्याग्रहींनी शिंदीची झाडं तोडली. तो घाव झाडावर नव्हता, महसुलावर होता. १७ सप्टेंबरला झेंडावंदन करताना हे आठवायला हरकत नाही. आपल्या आजोबांच्या पिढीनं दारूच्या पैशावर चालणारं राज्य नाकारलं होतं.

मग नंतरच्या राज्यानं काय केलं? २००७ साली धान्यापासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्यांना अनुदान द्यायचं धोरण आणलं. ज्वारी-बाजरीला भाव मिळेल असं सांगितलं गेलं. जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळानं विदेशी मद्यावरचं शुल्क वाढवलं आणि त्याच बैठकीत ‘महाराष्ट्र मेड लिकर’ नावाचा नवा प्रकार मंजूर केला. धान्यापासूनची दारू, ती फक्त राज्यातल्या उत्पादकांनी करायची, १८० मिलीला किमान १४८ रुपये. राज्याचं धान्य, राज्याची दारू, राज्याचा महसूल. म्हणजे धान्याची दारू होण्याला तत्त्वतः विरोध नाही. कारखान्यानं केली तर ती धोरण ठरते. शेतकऱ्यानं आपल्या घरात, तीही न गाळता, आंबवली तर गुन्हा.

पाण्याचंही तसंच. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पहिल्या फेरीला ५ लाख लिटर. त्याच महिन्यात मराठवाड्यातल्या बिअर आणि दारूच्या कारखान्यांचं पाणी तोडायला हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठात जावं लागलं. कोर्टानं टप्प्याटप्प्यानं ६० टक्क्यांपर्यंत कपात करायला सांगितलं, तेव्हा कुठं ते झालं. त्यामुळं ‘इथं प्यायला पाणी नाही अन् तुम्हाला बिअर सुचते’ असं कुणी म्हणालं, तर त्याचं तोंड वाळूजच्या दिशेनं वळवा. घरची पाच लिटर बिअर करायला भांडी धुण्यासकट जे पाणी लागतं, ते कूलरच्या टाकीत मावेल.

बाहेर काय झालं

ज्वारीची बिअर ही आफ्रिकेची रोजची गोष्ट आहे. दक्षिण आफ्रिकेत घरोघरच्या बायका ती करायच्या. १९०८ साली डर्बनला गोऱ्या सरकारनं कायदा केला: काळ्या लोकांसाठी बिअर फक्त नगरपालिका करणार, नगरपालिकेच्याच बिअर हॉलमध्ये विकणार. त्या नफ्यातून काळ्यांवर राज्य करणारी यंत्रणा पोसली जायची. घरात बिअर करणाऱ्या बाईवर धाडी. जून १९५९ मध्ये केटो मॅनर वस्तीतल्या बायकांचा संयम सुटला आणि त्यांनी बिअर हॉलवर हल्ला केला. त्यांच्या रागात दोन गोष्टी एकत्र होत्या. आमची मडकी फोडता आणि आमच्या नवऱ्यांचा पगार तुमच्या हॉलमध्ये ओढून घेता. हे वाचताना मला डर्बन दूरचं वाटलं नाही.

नॉर्वेचं उदाहरण उलट बाजूचं. तिथं घरी दारू गाळणं गुन्हा आहे, घरी बिअर करणं नाही. रेष नेमकी तिथंच आहे जिथं मी मागतोय. त्याचा परिणाम बघा. पश्चिम नॉर्वेच्या शेतकऱ्यांकडं क्विक नावाची घरगुती यीस्ट पिढ्यान् पिढ्या टिकली. लाकडी कड्यांवर वाळवून ठेवायची, शेजाऱ्याकडून विरजणासारखी मागून आणायची. ही यीस्ट ३५ ते ४० अंशांनाही स्वच्छ आंबवते आणि चांगल्यापैकी अल्कोहोल सोसते. आज जगभर ती पाकिटात विकली जाते. नांदेडच्या उन्हाळ्याला सगळ्यात सोयीची यीस्ट बर्फाच्या देशातून येते, कारण तिथल्या शेतकऱ्याला आपलं मडकं लपवावं लागलं नाही. आपल्या शिंदीच्या मडक्यांत, मोहाच्या आंबवणात उन्हाला सरावलेल्या किती यीस्ट होत्या आणि त्यातल्या किती रसायनाबरोबर नालीत ओतल्या गेल्या, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

अमेरिकेनं १९७८ साली घरच्या बिअरला केंद्रीय करातून सूट दिली. एका प्रौढाला वर्षाला १०० गॅलन, विकायची नाही. पण अमेरिका कशाला, छत्तीसगड आणि मध्य प्रदेशात आदिवासी कुटुंबांना घरच्या वापरापुरती मोहाची दारू ठरावीक मर्यादेत करता येते, आणि ती तर गाळलेली असते. महाराष्ट्रानं २०२१ साली मोहफुलं गोळा करण्या-साठवण्यावरचे निर्बंध उठवले, म्हणजे फुलं ठेवता येतात. ती ओली होऊन आंबली की मात्र कलम ६५.

आता आक्षेप

‘विषारी दारूनं माणसं मरतील.’ जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला शंभरावर माणसं मेली. ती मिथेनॉलनं मेली, आणि ते मिथेनॉल औद्योगिक वापराचं होतं, विकणाऱ्यांनी दारू म्हणून पाजलेलं. धान्य आंबवून मिथेनॉल जीव घेण्याइतकं तयार होत नाही. ज्वारीच्या बिअरमध्ये खरे धोके तीन आहेत. एक, कोंबांतलं सायनाइड. कोवळ्या ज्वारीनं जनावर दगावतं हे आमच्याकडं पोरालाही माहीत असतं. मोड वाळल्यावर कोंब चोळून टाकायचे ते त्यासाठी. दोन, फुटणारी बाटली. तीन, अस्वच्छता, जिनं बिअर बहुतेक वेळा फक्त फेकून देण्यालायक होते. तिन्ही धोके माहितीनं टळतात. आणि गुन्हा असलेल्या गोष्टीची माहिती कुणी उघड देत नाही. कृषी विद्यापीठ ज्वारीच्या माल्टवर पत्रक काढू शकतं, पण त्यात शेवटची पायरी लिहू शकत नाही.

‘हे शहरी पोरांचे चोचले.’ आहेत. पण मागणी चोचल्यांची नाही. चोचले तर आजही बिनबोभाट चालू आहेत, कायदा बदलला नाही तरी चालूच राहतील. कायदा बदलल्यानं फरक पडेल तो ज्याच्या दारात वॉचमन नाही त्याला.

तिसरा आक्षेप सगळ्यात वजनदार आहे. ‘दुकानातून येतो तेव्हा निदान रस्ता तरी आडवा येतो. आता घरातच भट्टी लावणार?’ हे मला आमच्याच घरातल्या बाईनं विचारलं. मावशी म्हणाली, ‘पिणाऱ्याला अजून एक निमित्त काहून देता बाबा?’ ज्या भागात पगाराच्या दिवशी बायका नवऱ्याची वाट बघत दारात उभ्या राहतात, तिथं या प्रश्नाला मान खाली घालूनच उत्तर द्यावं लागतं.

उत्तर आपल्याच राज्यात आहे. महाराष्ट्रात आडव्या बाटलीची सोय आहे. गावातल्या निम्म्याहून जास्त महिला मतदारांनी आडव्या बाटलीला मत दिलं की दारूचं दुकान बंद. कल्पना जबरदस्त आहे, फक्त ती दुकानाच्या दारात थांबते. तिला घरात आणा. घरच्या आंबवणाला जी सूट द्यायची, ती त्या घरातल्या प्रत्येक प्रौढ बाईच्या संमतीवर ठेवा. इथं निम्मी मतं नकोत, एकच पुरे. एकीनंही तक्रार केली की त्या घराची सूट संपली, पुन्हा कलम लागू. आजच्या कायद्यात घरातल्या बाईला असा कुठलाच अधिकार नाही. मडकं फोडायचं की सोडायचं हे पोलीस ठरवतो, आणि तो कधी येणार हे त्याच्या सोयीनं. मावशीला ही अट सांगितली तेव्हा ती एवढंच म्हणाली, ‘मग आमच्यात कुणाचंच चालू व्हायचं नाही.’ बरोबर. ते तिला ठरवू दे.

नेमकं काय हवंय

कायद्याच्या भाषेत मसुदा वकील लिहितील. मुद्दे पाचच आहेत.

एक, सूट फक्त आंबवण्याला. भट्टी, नळी, वाफ, गाळणं नाही. ज्वारी, बाजरी, नाचणी, मोह, बोरं, काहीही असो.

दोन, विक्री शून्य. एक बाटली जरी पैशानं दिली तरी आजचाच कायदा, आजचीच शिक्षा.

तीन, एका वेळी घरात किती लिटर, याची मर्यादा. दहा म्हणा, पंधरा म्हणा, पण आकडा कायद्यात लिहा. आकडा लिहिला की छाप्यात तो मोजावा लागतो.

चार, घरातली आडवी बाटली, वर सांगितली तशी.

पाच, गडचिरोली आणि वर्ध्यासारखे दारूबंदी असलेले जिल्हे यातून वगळा. तिथल्या लोकांनी लढून घेतलेला निर्णय आहे, तो पुण्यात बसून मोडू नये.

आणि यासोबत आमच्या क्राफ्टवाल्या मंडळींसाठी एक काम. तुमच्या कपाटातल्या बाटल्यांबद्दल तुम्ही जे ज्ञान वाटता, ते चालू द्या. पण पुढच्या वेळी गावाकडच्या पेपरात ‘रसायन नष्ट’ वाचलं की ते किती लिटर होतं, कुणाचं होतं, गाळलेलं होतं की नुसतं आंबवलेलं, विकायचं होतं की घरचं, हे विचारा. माहितीचा अधिकार वापरा, अर्ज मराठीत करता येतो आणि फी १० रुपये आहे. तालुक्यातल्या वर्षभराच्या कलम ६५ च्या केसेस मागा. त्यात किती जण पत्र्याच्या खोलीतले आणि किती सोसायटीतले, ते मोजा. एक्सेल सगळ्यांनाच येतं.

तो आकडा हातात आला की ‘कोण पकडतंय?’ या प्रश्नाचं उत्तर गावागणिक, नावागणिक मिळेल. आणि मग हा कायदा दारूविरुद्ध आहे की काही माणसांविरुद्ध, हे विधिमंडळात विचारायला आपल्याकडं पुरावा असेल.